पहिलं सत्र संपलं. तुमच्याकडची मुलं काय काय शिकली?

ओढ्याकाठची शाळा

नमस्कार मंडळी.

काल संकलित एकचे पेपर तपासून झाले, आज नोंदी भरल्या आणि शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. दर सत्राला पालक विचारतात, "बाई, किती धडे झाले?" यंदा धडे मोजत बसायचं नाही असं ठरवलंय. पोरं काय शिकली ते आठवतंय तोवर लिहून ठेवते. तुमच्याकडचंही लिहा.

आमची शाळा सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठावर आहे. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पट २३. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर केंद्रावर बैठकीला गेले की चारही वर्ग एका खोलीत बसतात. त्यामुळे दुसरीची पोरं चौथीचा इतिहास ऐकतात आणि पहिलीची पोरं दुसरीचे पाढे म्हणतात. मला हे गैरसोयीचं वाटत नाही, उलट लहानग्यांच्या कानावर खूप काही पडतं.

पहिलीत पाच मुलं. पहिलीचा अभ्यासक्रम आणि पुस्तकं या वर्षी, म्हणजे २०२५ ला, नवी आली. तरी माझी सुरुवात तीच: जून-जुलै गप्पा, गाणी, चित्रवाचन, रेघोट्या. मग अक्षरं. क ख ग घ अशी ओळीने घेत नाही. क, म, न, र, घ आणि काना एवढं आलं की घर, घार, मका, नाक, कान असे शब्द लगेच बनतात, आणि शब्द बनला की मूल पुढचं अक्षर स्वतःहून मागतं. सप्टेंबरमध्ये एक मुलगी सकाळी धावत आली. घरी बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर 'मका' लिहिलेलं तिने वाचलं होतं. पिशवी घडी करून दप्तरात घालून आणली होती. वर्गात सगळ्यांना दाखवली, मग माझ्या टेबलावर ठेवली, परत काही नेली नाही. ती अजून माझ्या कपाटात आहे.

दुसरीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण दुसरीचे पाच आठवडे शंभरच्या आतच गेले. नियोजनात इतके नव्हते. पण जुलैत सहाजणांना अंक सांगितले तेव्हा बावन्नला तिघांनी २५ लिहिलं आणि एकोणतीसला चौघांनी ३९. तेव्हा मी पुस्तक मिटलं.

खराट्याच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. एक गठ्ठा म्हणजे एक दशक, बाकीच्या सुट्या. अंक सांगायचा, तेवढ्या काड्या मांडायच्या, मगच पाटीवर लिहायचं. बावन्न तसं आठवड्यात जमलं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास मात्र हटेनात, कारण कानाला 'तीस' ऐकू येतं आणि हात तिनाकडे जातो.

मग एका दुपारी मी "एकोणतीस" म्हटलं, तर एका मुलाने सरळ तीन गठ्ठे घेतले. मी गप्प राहिले. त्याने तिसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढलं, एक काडी उपसली आणि माझ्या हातात दिली. "बाई, ही तुमची. आता एकोणतीस." खाली दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या उरल्या होत्या. शब्दात जे दडलंय ते त्या पोराने हाताने काढून दाखवलं. त्या दिवसापासून वर्गात एकोण म्हटलं की कुणीतरी एक काडी माझ्याकडे सरकवतो.

नव्व्याण्णवला सगळे "एकोणशंभर" म्हणाले. मी खोडलं नाही. "बरोबर आहे, पण लोक याला नव्व्याण्णव म्हणतात" एवढंच सांगितलं.

तिसरीची गोष्ट पाण्याची. तिसरीला परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं असतं, म्हणजे आमच्या मुलांना सातारा जिल्हा. सरांनी नकाशा शाळेमागच्या ओढ्यापासून सुरू केला. ओढा शिवसागरात, धरणातून खाली कोयना, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. एका मुलीने विचारलं, "कोकण तर आपल्या डोंगरापलीकडेच आहे, मग पाणी एवढं लांब का जातं?" सरांनी तिला उतार दाखवला. आणि मग सांगितलं की तिचं म्हणणं अर्ध खरं आहे: धरणातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या बाजूलाही सोडतात, त्यावर वीज तयार होते, आणि ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे आमच्या एका ओढ्याचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं! तो नकाशा आता भिंतीवर आहे, दोन्हीकडे निळे बाण काढलेले.

चौथीचं सरांनाच लिहायला सांगते. आता तुम्ही सांगा.

---

चिंचवडची आई

बाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझा मुलगा दुसरीत, सेमी इंग्रजी. गणित इंग्रजीतून. 'फिफ्टी टू' पटकन म्हणतो, पण भाजीवाल्या मावशी "बावन्न रुपये" म्हणाल्या की माझ्याकडे बघतो. मग मी "पन्नास दोन" सांगते आणि त्याला कळतं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात असं वाचन आलं तेव्हा किती गदारोळ झाला होता, विधिमंडळापर्यंत विषय गेला. तेव्हा मीही वैतागले होते. आता स्वतःच्या मुलाला मीच तसं सांगतेय, त्यामुळे मनात गोंधळ आहे. हे चुकतंय का?

---

निवृत्त मास्तरीण

चुकत नाही गं, पण तिथेच थांबू नकोस.

मी चौतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं. २०१९ ला पुस्तकात दोन्ही वाचनं शेजारी शेजारी दिली होती, बावन्नला कुणी हद्दपार केलं नव्हतं. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं असं होतं की आपण बोलतो एकक आधी आणि लिहितो दशक आधी, त्यात त्र्याण्णव, पंच्याऐंशी अशी जोडाक्षरं, आणि हे सगळं जोडाक्षरं नीट न येणाऱ्या मुलासमोर एकदम येतं. वर्गात उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल. मलाही पटलं होतं.

पण माझं दुसरं म्हणणं आहे. आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लावला की परवचा व्हायचा. शुभं करोति झालं की पाढे, बे एके बे पासून तीसापर्यंत, मग पावकी, निमकी. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न हे शब्द आम्हाला कुणी समजावून दिले नाहीत, ते लयीत जिभेवर बसले. पंचवीस-तीस पोरांनी एका सुरात म्हटलं की मागे राहणारं पोरही त्या सुराबरोबर ओढलं जातं. आज उजळणी म्हणजे घोकंपट्टी असं समजून ती टाकून दिलीय, त्याने नुकसान झालंय. काड्या सकाळी आणि उजळणी दुपारी, दोन्ही करा.

आणि एकोण म्हणजे मुळात एक ऊन, एकाने उणं. ओढ्याकाठच्या बाईंच्या त्या मुलाने संस्कृत न शिकता संधी सोडवली. माझ्या सगळ्या नोकरीत मला हे काडी परत घेऊन शिकवायचं सुचलं नाही, याची आज रुखरुख लागली.

---

सोलापूरकर

आमच्या घरी तेलुगू. माझ्या आजोबांपासून सगळे मागावर. पोरगी मराठी शाळेत, दुसरीतच. तेलुगूत ५२ ला 'याभै रेंडु' म्हणतात, याभै म्हणजे पन्नास, रेंडु म्हणजे दोन. सरळ. शेजारी कन्नड बोलतात, त्यांचंही तसंच, ऐवत्तु आणि एरडु. त्यामुळे आमच्या पोरीला 'पन्नास दोन' घरचंच वाटलं. बावन्नसाठी मात्र वेळ लागला, आणि माझी आई तिला रागावायची की एवढं कसं येत नाही. तिला येत होतं, फक्त दुसऱ्या भाषेत येत होतं. हे मला पालक म्हणून यंदा कळलं.

सप्टेंबरअखेर सीनेला पूर आला तेव्हा माढ्याकडच्या माझ्या बहिणीचं घर पाण्यात गेलं. भाची तिसरीत आहे, तिची वह्या-पुस्तकं गेली. ती काही दिवस आमच्याकडे होती. दोघी मिळून मागावरच्या रिकाम्या कांड्या मोजत बसायच्या. तेव्हा हे गठ्ठ्याचं मला माहीत नव्हतं, नाहीतर त्यांना बांधून दिले असते.

---

ओढ्याकाठची शाळा

सोलापूरकर, भाचीला पुस्तकं मिळाली का? नसतील तर तिच्या शाळेत नक्की विचारा, आणि कळवा. आमच्याकडे तिसरीचा एक जुना संच आहे, परिसर अभ्यास साताऱ्याचं असलं तरी मराठी आणि गणित चालेल.

चिंचवडच्या ताई, मुलाला पन्नास दोन सांगा, त्याच श्वासात बावन्नही सांगा. दोन नावं असलेल्या माणसासारखं. घरी बाळू, शाळेत बाळकृष्ण. मुलांना त्याचं काही वाटत नाही.

आजी, उजळणीचं मान्य आहे. आमच्याकडे परिपाठानंतर रोज होते. पण आधी काड्या, मग सूर, हा क्रम मी बदलणार नाही. उलट केलं की पोरं सुरात बावन्न म्हणतात आणि पाटीवर २५ लिहितात, हे जुलैत डोळ्यांनी पाहिलंय.

---

मेळघाटातला गुरुजी

मी धारणी तालुक्यात आहे. माझ्या पहिलीत सगळी मुलं कोरकू बोलणारी. कोरकू मराठीच्या नात्यातली भाषाच नाही, ती मुंडारी, संथालीच्या कुळातली. त्यामुळे जूनमध्ये मी "बसा" म्हणतो तेव्हा मुलं माझ्या हाताकडे बघतात, शब्दाकडे नाही.

आमच्या सत्राचं उत्तर वाचायला साधं वाटेल. जूनमध्ये वर्गात बोलायला तयार नसलेली अकरा मुलं ऑक्टोबरमध्ये बोलतात. सुरुवातीला मी त्यांच्याकडून शिकलो. झाड, पाणी, कोंबडी, बैल, पाऊस, रोज पाच वस्तू, त्यांचं नाव ते सांगायचे, मी वहीत लिहायचो, चुकीचं म्हणायचो, ते हसायचे आणि दुरुस्त करायचे. गुरुजी चुकतो आणि त्याला कुणी मारत नाही, हे त्यांनी पाहिलं. पंधरा दिवसांनी तीच मुलं मराठी शब्द चुकायला तयार झाली.

एक मुलगा पोळ्यापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मातीचा बैल घेऊन आला. मी विचारलं, "हे काय?" आधी त्याने कोरकूत सांगितलं, मग माझ्याकडे बघून "बैल" म्हणाला, मग "माझा बैल". 'माझा' हा शब्द मी त्याला शिकवलेला नव्हता. वर्गात पाटीवरून भांडणं होतात तेव्हा इतर मुलांकडून त्याने उचलला होता.

वाचन आमच्याकडे मागे आहे, हे मी लपवत नाही. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे सरकारच्या निपुण भारत अभियानाचं ध्येय मला मनापासून मान्य आहे. पण आमच्या पहिलीचा पहिला टप्पा तोंड उघडणं हा आहे आणि तो तक्त्यात कुठे भरायचा ते रकानाच नाही.

---

चिंचवडची आई

गुरुजी, 'माझा बैल' वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

ओढ्याकाठची शाळा

गुरुजी, तुमची ती शब्दांची वही जपा. पुढे येणाऱ्या शिक्षकाला ती पुस्तकापेक्षा उपयोगी पडेल. जमलं तर तिच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा.

सरांनी चौथीचं लिहून पाठवलंय, जसंच्या तसं टाकते:

"चौथीला परिसर अभ्यास भाग दोन म्हणजे शिवछत्रपती. सहा मुलं. २०२५ च्या जुलैत बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मुलांनी बाराही नावं पाठ केली: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, जिंजी. प्रतापगड आमच्या जिल्ह्यातला, त्याचं त्यांना फार.

पण नावं पाठ होणं मला पुरेसं वाटलं नाही. प्रत्येकाने एक किल्ला घेतला आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधली: पाणी कुठे साठवायचे, दरवाजा कुठून दिसतो, आणि वर धान्य कसं जायचं. सिंधुदुर्ग घेतलेल्या मुलाला पहिल्याच प्रश्नाला अडकायला झालं, चारी बाजूंनी खारं पाणी. मग त्याला आत गोड्या पाण्याच्या विहिरी सापडल्या, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ती नावं त्याने वर्गात इतक्या आनंदाने सांगितली की पहिलीची पोरं दोन दिवस तीच म्हणत होती.

आता सुट्टीत अंगणात किल्ला करायचा आहे. अट एकच, आयता प्लॅस्टरचा आणायचा नाही, आणि टाकं खरं हवं, पाणी ओतलं तर टिकलं पाहिजे.

गणितात अपूर्णांक झाले. पाव, अर्धा, पाऊण भाकरीवर केले, शाळेत पोषण आहाराच्या मावशींनी दोन भाकऱ्या करून दिल्या. भाकरी एकसारखी कापणं कठीण असतं. समान भाग म्हणजे काय यावर जो वाद झाला तोच माझा पाठ झाला."

---

डिचोलीहून

गोव्यातून लिहिते. धाकटा सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तिसरीत. घरी कोंकणी.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी बाईंनी सांगितलं, घरच्या माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीत, काय काय बांधतात त्याची यादी करा आणि ते कुठून आणलं ते लिहा. नारळ आणि सुपारीचं शिपटं (घड) कुळागरातलं, म्हणजे आमच्या बागेतलं, आंबाडे शेजारच्यांचे, कांगलां मात्र सासऱ्यांबरोबर रानात जाऊन आणली. पोराने यादी केली तीस नावांची. पंधरा मला येत नव्हती. वर्गात मग कुणाच्या माटोळीत काय नाही याची तुलना झाली, आणि दोन फळं आता मिळतच नाहीत हे मुलांनीच काढलं, कारण ती आजोबांच्या यादीत होती आणि एकाही पोराच्या यादीत नव्हती. पर्यावरणाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

---

रविवारची मराठी शाळा

आम्ही कॅलिफोर्नियात रविवारी दीड तास मराठी शिकवतो, सगळे स्वयंसेवक पालक. आमचं सत्र सप्टेंबरात सुरू झालं, त्यामुळे आम्ही अजून मध्यावरच आहोत. माझ्या वर्गातली सात-आठ वर्षांची मुलं एकोणतीसला 'वीस नऊ' म्हणतात, कारण डोक्यात इंग्रजी चालू असतं. मी दोन वर्षं ते तक्ता दाखवून सुधारत आलो आणि तक्ता भिंतीवरून काढला की सगळं गेलं. या रविवारी काड्या करून बघतो. खराटा इथे नाही, आइस्क्रीमच्या काड्या घेतो.

---

निवृत्त मास्तरीण

कशाच्याही घ्या हो. फक्त गठ्ठा मुलांनीच बांधू द्या. रबर दोनदा गुंडाळताना दहा म्हणजे किती ते बोटांना कळतं. आयते गठ्ठे दिलेत तर ते नुसतं एक लाकूड होतं.

---

ओढ्याकाठची शाळा

आजींनी सांगितलं ते अगदी खरं, मी लिहायचं विसरले. पहिले दोन दिवस आम्ही फक्त बांधत होतो. नऊवर बांधला, अकरावर बांधला, सोडला, परत बांधला.

---

चिंचवडची आई

तीन दिवसांनी लिहितेय. खराटा नवीनच आणला, सासूबाई म्हणाल्या दिवाळीच्या तोंडावर मोडू नकोस, म्हणून जुन्याच्या काड्या धुऊन घेतल्या. चौऱ्याण्णव निघाल्या. मुलाने नऊ गठ्ठे बांधले, चार सुट्या. हे चौऱ्याण्णव, हे त्याने इंग्रजीत सांगितलं, मग "नव्वद चार", मग सासूबाईंनी "चौऱ्याण्णव" सांगितलं आणि त्याने तीनदा म्हणून पाहिलं.

बावन्न एका दिवसात झालं. एकोणचाळीसला अडला. मी काही बोलले नाही, बाईंनी लिहिलं होतं म्हणून गप्प बसले, आणि ते मला फार कठीण गेलं. त्याने चार गठ्ठे घेतले, बघत बसला, मग चौथा परत ठेवला आणि नऊ सुट्या मोजून घेतल्या. म्हणजे त्याने काडी परत दिली नाही, वेगळ्याच वाटेने गेला. मी विचारलं कसं केलंस. म्हणाला, "चाळीस येणार आहे पण अजून आलं नाही."

बाई, हे बरोबर आहे ना? की त्याला काडी काढूनच दाखवू?

---

ओढ्याकाठची शाळा

अजिबात दाखवू नका. "अजून आलं नाही" हे माझ्या पोराच्या काडीइतकंच पक्कं आहे. उद्या त्याच्या हातात आणखी एक काडी द्या, फक्त एक, आणि काय करतो ते बघा. रबर जवळ ठेवा.